संगणकावर खुली खाण आखताना: बोअरहोलपासून वेळापत्रकापर्यंत

खुल्या खाणीच्या आखणीसाठी कुठलंही सॉफ्टवेअर घ्या: सरपॅक, डेटामाइन, व्हल्कन, मायक्रोमाइन किंवा डेस्विक. मेनू बदलतात, कामाचा क्रम बदलत नाही. आधी बोअरहोलची (नमुन्यांसाठी पाडलेल्या भोकांची) माहिती, त्यावरून ब्लॉक मॉडेल (जमिनीचे चौकोनी ठोकळे करून प्रत्येकात काय आहे याचा अंदाज), त्यावरून पिट ऑप्टिमायझेशन (सर्वात फायद्याच्या खड्ड्याचा आकार शोधणं), मग बेंच (खाणीच्या भिंतीतल्या मोठ्या पायऱ्या) आणि रस्ते काढून केलेलं प्रत्यक्ष डिझाइन आणि शेवटी वेळापत्रक. एका पायरीवरची चूक पुढच्या पायरीत मुकाट उतरते. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, आणि चुकीच्या आकड्यांवर काढलेलं त्रिमितीय चित्रही तितकंच देखणं दिसतं. म्हणून कुठलं बटण दाबायचं यापेक्षा कुठला आकडा भरायचा आणि आलेलं उत्तर हाताने कसं पडताळायचं, यावरच इथे भर आहे. कॅल्क्युलेटर जवळ असू द्या.

आधी बोअरहोल तपासा

डेटाबेसमध्ये निदान चार तक्ते लागतात. कॉलरच्या तक्त्यात भोकाचं तोंड आणि एकूण खोली, सर्व्हेच्या तक्त्यात दिशा आणि कल, अ‍ॅसेमध्ये नमुन्यांचं विश्लेषण आणि लिथॉलॉजीमध्ये खडकाचा प्रकार. एकमेकांवर चढलेले नमुने किंवा भोकाच्या खोलीपलीकडचे नमुने सॉफ्टवेअरची तपासणी स्वतःच पकडते. कलाचं चिन्ह उलटं पडलं तर भोकं आकाशात जाताना दिसतात, तेही लगेच कळतं. तीन चुका मात्र डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिली उंचीची. कॉलरची उंची आणि जमिनीच्या पृष्ठभागाची उंची यांतला फरक प्रत्येक भोकासाठी काढा. एखाद्या भोकात मीटरभर फरक असेल तर ती नोंदीची चूक. पण सगळीच भोकं सारख्याच फरकाने वर किंवा खाली असतील, तर एक सर्व्हे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत आणि दुसरा जीपीएसच्या लंबगोलावरच्या उंचीत झाला आहे. हा फरक काही ठिकाणी दहा-दहा मीटरच्या घरात जातो. म्हणजे कित्येक बेंच चक्क हवेत लटकतात.

दुसरी उत्तरेची. होकायंत्राची उत्तर आणि ग्रिडची उत्तर एक नसते. तिरप्या भोकांची दिशा कुठल्या उत्तरेवरून मोजली, हे ड्रिलिंगच्या मूळ नोंदींवरून ठरवा. ५ अंशांची चूक असेल तर २०० मीटर आडवं गेलेलं भोक तळाशी सुमारे १७ मीटर बाजूला पडतं.

तिसरी रिकाम्या जागांची. खडक उघडच टाकाऊ दिसला म्हणून नमुनाच घेतला नसेल तर तिथे शून्य हवं. नमुना हरवला असेल तर जागा रिकामी ठेवायची. दोन्हीकडे रिकामी जागा सोडली की सरासरी ग्रेड, म्हणजे खडकातलं धातूचं प्रमाण, फुगते. प्रयोगशाळेने ‘०.०१ पेक्षा कमी’ असं लिहून दिलेले आकडे काही वेळा मजकूर म्हणून आयात होतात आणि गायब होतात. त्यांच्या जागी मर्यादेच्या निम्मा आकडा घालण्याची पद्धत आहे.

यानंतर नमुने सारख्या लांबीचे करून घ्या, म्हणजे कॉम्पोझिट. खनिजाच्या डोमेनची, म्हणजे एकाच प्रकारच्या खनिजभागाची, हद्द ओलांडून कॉम्पोझिट करू नका, आणि टोकाला उरलेले अर्ध्या लांबीहून छोटे तुकडे शेजारच्या तुकड्यात मिसळा.

ब्लॉक मॉडेल

ब्लॉकची उंची बेंचच्या उंचीइतकी किंवा तिच्या निम्मी ठेवा. आडवं माप भोकांमधल्या अंतराच्या पाव ते अर्ध्यापर्यंत ठेवतात. भोकं ५० मीटरवर असतील तर १२.५ ते २५ मीटर. याहून बारीक ब्लॉक केले की नकाशा तपशीलवार वाटतो, पण शेजारशेजारचे ब्लॉक त्याच चार नमुन्यांवरून अंदाजलेले असतात. नवी माहिती काडीची मिळत नाही, फाइल मात्र फुगते. २ किलोमीटर लांब, २ किलोमीटर रुंद आणि ४०० मीटर खोल भागात १० मीटरचे ब्लॉक केले तर १६ लाख होतात. ५ मीटरचे केले तर १ कोटी २८ लाख.

खनिजाची हद्द नीट पाळण्यासाठी सब-ब्लॉक वापरा, पण ऑप्टिमायझेशनआधी मॉडेल पुन्हा एकसारख्या ब्लॉकमध्ये आणा. त्या प्रक्रियेत खनिज आणि टाकाऊ खडक आपोआप मिसळतात. ते मिसळणं म्हणजेच डायल्युशन. पुढे ऑप्टिमायझरमध्ये ‘डायल्युशन ५%’ असा रकाना दिसला की तो सवयीने भरू नका. एकदा झालेलं मिश्रण दुसऱ्यांदा मोजलं जाईल.

मॉडेलची व्याप्ती हा वारंवार राहून जाणारा मुद्दा. खाण ३०० मीटर खोल जाणार आणि भिंत ४५ अंशांची असणार, तर खनिजाच्या कडेपासून निदान ३०० मीटर पलीकडेपर्यंत ब्लॉक हवेत. ब्लॉक संपले की ऑप्टिमायझरची भिंत मॉडेलच्या कडेला सरळ कापली जाते आणि तेवढा टाकाऊ खडक फुकटात काढून मिळतो.

घनता प्रत्येक ब्लॉकला मिळाली आहे का, हे एका चाळणीत पाहून घ्या. घनता नसलेल्या ब्लॉकचं वजन शून्य धरलं जातं. अंदाज न झालेल्या ब्लॉकमध्ये बरेचदा उणे ९९ भरलेलं असतं. हा आकडा ग्रेड म्हणून सरासरीत शिरला की अहवाल हास्यास्पद होतो, आणि तो हास्यास्पद दिसला तर नशीबच; थोडेसेच ब्लॉक तसे असतील तर सरासरी किंचित खाली येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मॉडेल झालं की वायरफ्रेमचं (खनिजाच्या हद्दीच्या त्रिमितीय आकाराचं) घनफळ आणि त्यातल्या ब्लॉकचं घनफळ ताडून पाहा, १% पेक्षा जास्त फरक नको. मग मॉडेलची सरासरी ग्रेड कॉम्पोझिटच्या सरासरीशी जुळवा. ड्रिलिंग श्रीमंत भागात दाट असेल, तर आधी कॉम्पोझिटना जागेनुसार वजन द्या, नाहीतर तुलनाच फसवी ठरेल.

ब्लॉकला किंमत लावणे

ऑप्टिमायझरला भूगर्भशास्त्र कळत नाही. त्याला प्रत्येक ब्लॉकची एक किंमत हवी असते आणि भिंतीचा कोन हवा असतो, बस. किंमत अशी काढतात: ब्लॉकमधला धातू, गुणिले रिकव्हरी (त्यातला प्लांटमध्ये प्रत्यक्ष हाती लागणारा वाटा), गुणिले विक्रीखर्च वजा केलेला भाव, त्यातून प्रक्रियेचा खर्च आणि खोदाईचा खर्च वजा.

हिशेबापुरते आकडे घेऊ. तांब्याचा ब्लॉक, प्रत्येक बाजू १० मीटर, घनता २.७, म्हणजे २,७०० टन. ग्रेड ०.६%, म्हणजे १६.२ टन तांबं. रिकव्हरी ८८%, भाव टनाला ८,००० डॉलर, विक्रीखर्च ६००. मिळकत १६.२ × ०.८८ × ७,४०० = १,०५,४९४ डॉलर. प्रक्रिया आणि प्रशासन टनाला १२ डॉलर, म्हणजे ३२,४००. खोदाई टनाला २.५ डॉलर, म्हणजे ६,७५०. ब्लॉकची किंमत ६६,३४४ डॉलर. शेजारच्या टाकाऊ ब्लॉकची किंमत उणे ६,७५०. असे दहा-बारा ब्लॉक हाताने काढा आणि सॉफ्टवेअरच्या आकड्यांशी जुळवा. एकक चुकलं असेल तर इथेच उघडं पडतं: भाव पाउंडाला आणि धातू टनात असेल तर २,२०४.६ पटींची गफलत, टक्के आणि पीपीएम यांत गल्लत झाली तर १०,००० पटींची.

याच आकड्यांवरून कट-ऑफ, म्हणजे खनिज म्हणून प्लांटकडे न्यायची किमान ग्रेड, निघतो. १२ भागिले (०.८८ × ७,४००) = ०.१८%. यात खोदाईचा खर्च का नाही, असा प्रश्न हमखास येतो. कारण हा ब्लॉक खोल खनिजापर्यंत जाण्यासाठी खोदावाच लागणार आहे. डंपरमध्ये भरून झाल्यावर निर्णय एवढाच उरतो की प्लांटकडे वळायचं की डंपकडे, म्हणजे टाकाऊ खडकाच्या ढिगाकडे. खनिज वाहून नेण्याचा खर्च टाकाऊ खडकापेक्षा जास्त असेल, तर तेवढा फरक मात्र १२ मध्ये मिळवा.

खोदाईचा दर सगळीकडे सारखा धरू नका. खोली वाढते तशी वाहतूक वाढते, म्हणून दर बेंचमागे थोडी वाढ द्या. आणि ज्या खनिजाचा अंदाज फक्त इन्फर्ड (सर्वात कमी खात्रीच्या) दर्जाचा आहे त्याला जॉर्कसारख्या अहवाल संहितांत साठा म्हणून मोजता येत नाही. अंतिम खाण ठरवताना त्याची ग्रेड शून्य धरून एक वेगळी फेरी चालवा. दोन्ही फेऱ्यांतली खाण फार वेगळी निघाली तर उत्तर आणखी ड्रिलिंगमध्ये आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही.

शेल आणि भिंतीचा कोन

१९६५ सालचा लर्क्स-ग्रॉसमन अल्गोरिदम आणि आता सर्रास वापरला जाणारा स्यूडोफ्लो, दोन्ही एकच प्रश्न सोडवतात: दिलेल्या कोनात राहून कुठले ब्लॉक काढले तर एकूण किंमत सर्वाधिक येईल. दोघांचं उत्तरही तेच येतं, स्यूडोफ्लो ते खूप लवकर देतो. पण ते उत्तर म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा एक खड्डा असतो, त्याला शेल म्हणतात. त्यात रस्ता नसतो, बर्म (दोन बेंचच्या मधे सोडलेल्या आडव्या पट्ट्या) नसतात. अख्ख्या कामातली सर्वात महागडी चूक इथे होते: भू-तांत्रिक अहवालातला कोन जसाच्या तसा ऑप्टिमायझरला दिला जातो.

कोन तीन असतात. बेंचच्या भिंतीचा कोन, बर्मसह रस्ता सोडून येणारा इंटर-रँप कोन आणि रस्त्यासकट तळापासून माथ्यापर्यंतचा एकूण कोन. शेलला हा तिसरा लागतो. बेंच १० मीटर, भिंत ७० अंश धरू. बर्मसाठी सुधारित रिची सूत्र वापरतात: उंचीचा पाचवा भाग अधिक ४.५ मीटर, म्हणजे ६.५ मीटर. एका बेंचची आडवी व्याप्ती ३.६४ अधिक ६.५, म्हणजे १०.१४ मीटर, इंटर-रँप कोन ४४.६ अंश.

आता अशा १० बेंचची १०० मीटरची भिंत घ्या. त्यात दहा भिंती आणि नऊ बर्म, आडवी व्याप्ती ९४.९ मीटर, कोन ४६.५ अंश. याच भिंतीवरून ३० मीटर रुंदीचा रस्ता एकदा गेला, म्हणजे एका बर्मच्या जागी रस्ता आला, की व्याप्ती ११८.४ मीटर आणि कोन ४०.२. दोनदा गेला की ३५.२. ऑप्टिमायझरला ४५ दिलेले असतील तर डिझाइन करताना एक तर खनिज तळाशी सुटतं, नाहीतर टाकाऊ खडक शेलपेक्षा कितीतरी वाढतो. छोट्या खाणीला याचा फटका जास्त. १०% चढाने १०० मीटर उतरायला १,००० मीटर रस्ता लागतो. खाणीचा मधल्या पातळीवरचा परिघ ५०० मीटर असेल तर रस्ता दोन फेऱ्या मारतो आणि प्रत्येक भिंत दोनदा कापतो.

पहिल्या फेरीत रस्ता कुठून जाईल हे माहीत नसतं. म्हणून अंदाजाने कोन द्या, कच्चं डिझाइन करा, त्यावर प्रत्येक बाजूचा कोन मोजा आणि तो घालून ऑप्टिमायझर पुन्हा चालवा. दोन फेऱ्या बहुधा पुरतात.

भावाला ०.३ पासून १.२ पर्यंतच्या गुणकांनी गुणत गेलं की एकात एक बसणारे अनेक शेल मिळतात. गुणक १ चा शेल बिनसवलतीच्या (पैसे कधी येतात हे न पाहणाऱ्या) हिशेबात सर्वात फायद्याचा, पण टाकाऊ खडकाचा खर्च आधी होतो आणि तळाच्या खनिजाचे पैसे काही वर्षांनी येतात. त्यामुळे आजच्या मूल्यात मोजलं तर सर्वोत्तम शेल बहुतेक वेळा १ च्या खालीच निघतो. सॉफ्टवेअर आलेखावर दोन रेषा, म्हणजे दोन टोकं दाखवतं: वरची रेषा शेलमागून शेल काढत गेल्यास येणाऱ्या मूल्याची आणि खालची वरून सरसकट एकेक बेंच काढल्यास येणाऱ्या मूल्याची. खरी खाण या दोन्हींच्या मधे असते. वरच्या रेषेचं शिखर पाहून शेल निवडणं म्हणजे कधीच न होणाऱ्या खोदाईवर भरवसा ठेवणं. दोन्ही रेषा जिथे सपाट होऊ लागतात तिथला शेल घ्या.

डिझाइन: बेंच आणि रस्ता

डिझाइन तळापासून वर काढत आणतात. तळाच्या बेंचवर शेलच्या जवळून जाणारी टो रेषा (भिंतीचा पायथा) आखा, रस्ता कुठून वर चढायला लागेल ते दोन बिंदू ठरवा, मग बेंचच्या उंचीने आणि भिंतीच्या कोनाने रेषा वाढवा की क्रेस्ट (भिंतीचा माथा) मिळते; बर्मच्या रुंदीने वाढवली की पुढच्या बेंचची टो. असं करत जमिनीच्या वर निघा आणि जमिनीच्या पृष्ठभागाने कापून घ्या. प्रत्येक बेंचला शेलची आडवी कापणी पाठीमागे ठेवा. रेषा काही ठिकाणी शेलच्या आत, काही ठिकाणी बाहेर जायला हवी. सतत बाहेरच जात असेल तर तुम्ही खाण नकळत मोठी करत आहात.

शेलमधले कोपरे आणि टोकदार नाकं गुळगुळीत करा. खाणीत घुसलेल्या खडकाच्या नाकाला दोन बाजूंनी आधार नसतो, ते आधी ढासळतं. तळाची रुंदी एक्सकॅव्हेटर आणि डंपरला वळायला पुरेल इतकी ठेवा. १०० टनांच्या डंपरला २५-३० मीटर.

रस्त्याची रुंदी डंपरवरून ठरते. दुहेरी रस्त्याला सर्वात रुंद डंपरच्या साडेतीन पट. १०० टनांचा डंपर सुमारे ६.५ मीटर रुंद असतो, म्हणजे २२.७५ मीटर. कडेच्या मातीच्या बांधाची उंची निदान टायरच्या व्यासाच्या निम्मी हवी. २.७ मीटरच्या टायरला १.३५ मीटर उंच बांध, आणि सैल मातीचा ढीग तेवढा उंच व्हायला पायथ्याशी ४ मीटर जागा खातो. नाल्याला एक-दीड मीटर. बेरीज २८ च्या आसपास, ३० धरा. शेवटच्या दोन-तीन बेंचना एकेरी रस्ता चालतो, तिथे डंपर मोजकेच असतात. चढ ८ ते १०% ठेवतात, पण काही ठिकाणी नियमच १६ ला १ पेक्षा तीव्र चढ देत नाहीत. आखणीआधी लागू असलेले नियम वाचून घ्या, कारण चढ बदलला की सगळं डिझाइन पुन्हा करावं लागतं.

हेअरपिन वळणावर सॉफ्टवेअर मधल्या रेषेवर १०% राखतं आणि तुम्ही निश्चिंत होता. मधली त्रिज्या २५ मीटर आणि रस्ता ३० मीटर रुंद असेल तर आतल्या कडेची त्रिज्या १० मीटर. उंची तेवढीच, अंतर अडीच पट कमी; आतल्या कडेला चढ २५% होतो. तिथून भरलेला डंपर चढत नाही. आतली त्रिज्या १५ पर्यंत वाढवा आणि मधल्या रेषेवर चढ ४% वर आणा, म्हणजे आत ८% राहील. शक्य असेल तर हेअरपिन टाळाच.

झाल्यावर पृष्ठभाग तयार करताना एकमेकांना छेदणाऱ्या रेषा आणि एकाच जागी पडलेले दुहेरी बिंदू साफ करा. त्यांच्यामुळे सुळके उभे राहतात आणि घनफळ बिघडतं. मग शेल आणि डिझाइन यांचा ताळा करा. खनिजात ५% च्या आत फरक आणि टाकाऊ खडकात साधारण १०% पर्यंत वाढ चालवून घेतात. त्याहून जास्त असेल तर डिझाइन दुरुस्त करत बसू नका, आधी कोनाकडे परत जा.

टप्पे, डंपर, वेळापत्रक

लहान गुणकांचे शेल टप्प्यांसाठी दिशादर्शक असतात. दोन टप्प्यांमधली पट्टी मोठ्या शॉव्हेलला ६०-८० मीटरपेक्षा अरुंद नको. शेलमध्ये १५ मीटरची कडा सुटलेली असते, ती कागदावर फायद्याची दिसते, पण तिथे यंत्रच उभं राहत नाही. एका टप्प्यात वर्षाला १० मीटरच्या ८-१० हून अधिक बेंच उतरायला लावणारं वेळापत्रक संशयाने पाहा. ड्रिलिंग, ब्लास्टिंग, भराई आणि रस्ता पुढे नेणं या सगळ्याला वेळ लागतो, हे वेळापत्रक काढणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगावं लागतं.

डंपरची संख्या हाताने अशी पडताळा. वर्षाला ३० लाख टन खनिज आणि ९० लाख टन टाकाऊ खडक, एकूण १ कोटी २० लाख टन. डंपर ९० टन भरतो, फेरी २४ मिनिटांची, तासातली ५० मिनिटं कामाची धरू. तासाला १८७.५ टन. वर्षाचे ८,७६० तास, त्यात यंत्र तयार असण्याचं प्रमाण ८५% आणि वापर ८०%; उरले सुमारे ५,९५७ तास. एक डंपर वर्षाला ११.२ लाख टन वाहतो, म्हणजे ११ डंपर. खाण खोल गेली आणि फेरी ३२ मिनिटांची झाली की तेच काम १५ डंपर मागतं. पहिल्या वर्षाची फेरी पुढच्या सगळ्या वर्षांना लावलेली असेल तर चौथ्या-पाचव्या वर्षी उत्पादन का घसरलं हे शोधत बसावं लागतं. आणि मॉडेलमधलं वजन कोरड्या टनांत असतं, डंपर ओलं वजन वाहतो. ५% ओलावा असेल तर तेवढा भार वाढवून धरा.

डंपची जागाही इथेच तपासा. ९० लाख टन खडक म्हणजे २.७ घनतेने ३३.३ लाख घनमीटर, आणि फोडल्यावर ३०% फुगला तर ४३.३ लाख. सैल खडक साधारण ३७ अंशांत थांबतो, तोच कोन डिझाइनमध्ये द्या. डंप पुढच्या टप्प्याच्या हद्दीत किंवा भविष्यातल्या ड्रिलिंगच्या जागेवर येत नाही ना, हे पाहायचं राहून जातं आणि मग तोच खडक दुसऱ्यांदा उचलावा लागतो.

खोदाई सुरू झाली की दर महिन्याला सर्व्हेच्या पृष्ठभागाने मॉडेल कापा आणि तेवढ्या भागातले मॉडेलचे टन आणि ग्रेड प्लांटच्या आकड्यांशी लावा. टन जास्त आणि ग्रेड कमी येत असेल तर डायल्युशन कमी धरलं गेलं आहे. ब्लास्ट किंवा भराई हद्दीपलीकडे जाते. टन बरोबर पण ग्रेड सतत कमी असेल तर अंदाजात टोकाच्या श्रीमंत नमुन्यांचा प्रभाव उरला आहे, तेव्हा टॉप-कट, म्हणजे अशा नमुन्यांच्या ग्रेडला लावलेली वरची मर्यादा, पुन्हा तपासा. टन कमी आणि ग्रेड बरोबर असेल तर सर्वात आधी घनता पाहा. एखाद्या महिन्याच्या फरकावरून मॉडेल बदलू नका; निदान तीन महिन्यांची बेरीज घ्या, म्हणजे स्टॉकपाइलमध्ये (साठवणीच्या ढिगात) अडकलेलं खनिज हिशेबात येतं.